पांढरकवड्याचा दोन हातांचा गोलंदाज आणि विदर्भाचे रणजी पर्व

८ नोव्हेंबर २०२१ रोजी आंध्र प्रदेशातल्या मंगळगिरी येथे सय्यद मुश्ताक अली करंडकाचा एक सामना झाला. विदर्भाने २० षटकांत २२२ धावा केल्या होत्या आणि मणिपूरचा संघ त्यांचा पाठलाग करत होता. त्या डावात विदर्भाच्या एका फिरकी गोलंदाजाने आपली चारही षटके टाकली. धावफलकात त्याच्या नावापुढे नोंद झाली : षटके ४, निर्धाव ४, धावा ०, बळी २. चोवीस चेंडूंत एकही धाव नाही! पुरुषांच्या टी-२० क्रिकेटमध्ये हे त्याआधी कोणालाही जमले नव्हते. मणिपूरचा डाव ५५ धावांत आटोपला. दुसऱ्याच दिवशी सिक्कीमविरुद्ध याच गोलंदाजाने हॅट्ट्रिकसह अवघ्या ५ धावांत ४ बळी घेतले.

या गोलंदाजाचे नाव अक्षय कर्णेवार. गाव पांढरकवडा, जिल्हा यवतमाळ. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्यालय, आणि घाटंजी हा त्याला लागून असलेला तालुका. टिपेश्वरचे अभयारण्य दोन्ही तालुक्यांत पसरलेले आहे आणि दोन्हीकडची शेती कापसाची. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग पांढरकवड्यावरून जातो. एस.टी. महामंडळात नोकरी करणाऱ्याच्या घरातला हा मुलगा. मोठ्या शहराचे मैदान, नामांकित क्लब किंवा क्रिकेटचे घराणे यांपैकी काहीही वाट्याला न आलेला मुलगा व्यावसायिक क्रिकेटपर्यंत कसा पोचला, हे समजून घ्यायचे तर आधी विदर्भाच्या क्रिकेटची साठ वर्षांची वाटचाल पाहावी लागते. एकट्याच्या गुणवत्तेने ही गोष्ट पुरी होत नाही.

महाराष्ट्र राज्य एक असले तरी रणजी करंडकात त्याचे तीन संघ उतरतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. याचे मूळ इतिहासात आहे. १९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा नागपूर आणि वऱ्हाड हे मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते आणि प्रांताचा संघ त्याच नावाने खेळत असे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १९५७-५८ च्या हंगामात विदर्भाचा संघ प्रथमच रणजीत उतरला. महाराष्ट्र राज्य त्यानंतर, १९६० साली झाले. राजकीय नकाशा बदलला, तरी क्रिकेटच्या नकाशावर विदर्भ मध्य विभागातच राहिला. मुंबई, बडोदा, महाराष्ट्र हे पश्चिम विभागातले मातब्बर संघ. विदर्भाची गाठ मात्र मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे यांच्याशी पडत असे.

पुढची कित्येक दशके विदर्भाचा संघ स्पर्धेतल्या संघांची संख्या पूर्ण करणारा संघ म्हणूनच ओळखला गेला. स्पर्धेची विभागणी वरच्या आणि खालच्या गटात झाली, तेव्हा बराच काळ तो खालच्या प्लेट गटात होता. नागपूरला कसोटी सामने होत, मैदान भरे, लोक सुनील गावसकर आणि कपिल देव यांना डोळे भरून पाहत. परंतु आपल्या भागातला मुलगा त्या अकरांत असेल अशी अपेक्षा फारशी कोणी करत नसे. वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य १९९० च्या दशकात भारताकडून एकदिवसीय सामने खेळला, पण विदर्भाच्या खेळाडूची कसोटी टोपी तेव्हाही दूरच होती. चांगला खेळाडू निपजलाच, तर तो नोकरीसाठी रेल्वेत किंवा बँकेत जाई आणि तिथूनच खेळे.

बदलाची सुरुवात २००८ च्या सुमारास दिसू लागली. त्या वर्षी नागपूरजवळ जामठा येथे विदर्भ क्रिकेट संघटनेचे नवे स्टेडियम सुरू झाले आणि नोव्हेंबरात तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी झाली. सौरव गांगुलीची ती अखेरची कसोटी. संघटनेचे नेतृत्व केलेले शशांक मनोहर त्याच वर्षी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. संघटनेकडे पैसा होता आणि वजनही होते. यापुढचा निर्णय महत्त्वाचा ठरला. पैसा केवळ सिमेंटच्या प्रेक्षागारावर खर्च न करता मुलांच्या प्रशिक्षणाकडे वळवण्यात आला. प्रशांत वैद्य यांनी क्रिकेट विकासाची धुरा घेतली. मुले निवडून त्यांना एकत्र ठेवणारी, त्यांचे खाणे-पिणे, व्यायाम आणि सराव पाहणारी अकादमी उभी राहिली. भारताकडून खेळलेले सुब्रतो बॅनर्जी वेगवान गोलंदाजांना घडवू लागले.

या बदलाचे पहिले ठळक फळ म्हणजे उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या वलनी इथल्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगाराचा हा मुलगा. विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिस चेंडूवरच खेळत होता, पोलीस भरतीचाही प्रयत्न त्याने करून पाहिला होता. ३ नोव्हेंबर २००८ रोजी त्याने मध्य प्रदेशविरुद्ध रणजीत पदार्पण केले आणि तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी टोपी मिळवली. विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिला खेळाडू. यवतमाळ, अकोला, वर्धा, अमरावती इथल्या मुलांसाठी ही घटना फार मोठी होती. खाणीच्या वस्तीतला मुलगा भारतासाठी खेळू शकतो, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नव्हते.

मुले लवकर हेरून घडवण्याचे हे काम जगात इतरत्रही झालेले आहे. युरोपातल्या बास्केटबॉलचे उदाहरण घ्या. स्लोव्हेनियाच्या लुब्लियाना शहरातल्या लुका डोन्चिचला रेआल माद्रिद या स्पॅनिश क्लबने तेराव्या वर्षी आपल्याकडे नेले, सोळाव्या वर्षी वरिष्ठ संघात उतरवले, आणि २०१८ साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो युरोलीग विजेत्या संघाचा आणि त्या स्पर्धेचाही सर्वोत्तम खेळाडू होता. निकोला योकिच सर्बियातल्या सोंबोर या लहान शहरातला. स्थानिक संघातून क्लबात आणि क्लबातून अमेरिकेत गेला. गुणी मूल कोणत्याही गावात जन्मते. युरोपातल्या क्लबांनी त्याला शोधणारी माणसे, राहायला जागा, रोजचा सराव आणि योग्य वयात वरच्या दर्जाचा सामना, एवढे सगळे एका साखळीत बांधले. विदर्भात असे क्लब नव्हते, पण संघटनेने आपल्या परीने तीच साखळी जोडायला घेतली होती.

अक्षय कर्णेवार या साखळीतूनच वर आला. १९९२ साली जन्मलेला हा मुलगा सुरुवातीला उजव्या हाताने ऑफस्पिन टाकत असे. मात्र फलंदाजी डावखुरी, आणि चेंडू फेकायचा तोही डाव्या हाताने. किशोरवयात प्रशिक्षकांच्या नजरेने हे टिपले आणि त्यांनी त्याला डाव्या हाताने गोलंदाजी करून पाहायला सांगितले. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा गोलंदाज असा तयार झाला. उजव्या हाताच्या फलंदाजाला डावखुरी फिरकी आणि डावखुऱ्या फलंदाजाला ऑफस्पिन, म्हणजे दोघांनाही चेंडू बाहेर जाणारा. नियम एवढाच की हात बदलताना पंचांना आधी सांगावे लागते. न सांगता बदलला तर नोबॉल. जागतिक क्रिकेटमध्ये असे गोलंदाज मोजकेच. १९९६ च्या विश्वचषकात श्रीलंकेच्या हशन तिलकरत्नेने केनियाविरुद्ध दोन्ही हातांनी गोलंदाजी केली होती, पुढे कामिंदू मेंडिस त्यासाठी ओळखला गेला.

२०१५-१६ च्या हंगामात कर्णेवार विदर्भाच्या वरिष्ठ संघाकडून खेळू लागला. सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात अध्यक्षीय संघाकडून त्याला संधी मिळाली आणि त्याने फलंदाज पाहून हात बदलला. ती छायाचित्रे आणि चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. 

त्याच हिवाळ्यात विदर्भाच्या संघाने इतिहास घडवला. पडद्यामागे तयारी हंगामाच्या आधीपासून होती. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले होते. मुंबईला रणजी जिंकून देणारे, शिस्तीला कमालीचे कडक असे हे प्रशिक्षक. दुसरे आधारस्तंभ वसीम जाफर. मुंबईकडून धावांचे डोंगर उभे करून ते २०१५-१६ पासून विदर्भाकडे आले होते. मधल्या हंगामात दुखापतीमुळे ते खेळू शकले नव्हते, तरी संघटनेने त्यांचे मानधन दिले होते. त्याची जाण ठेवून २०१७-१८ चा हंगाम ते मानधन न घेता खेळले. कर्नाटकातून आलेला गणेश सतीश मधल्या फळीत होता. कर्णधार फैज फजल मात्र नागपूरचाच, आणि बाकीचा संघ बहुतांशी विदर्भातल्या मैदानांवर वाढलेला.

उपांत्यपूर्व फेरीत केरळला सुरतमध्ये ४१२ धावांनी हरवून संघ कोलकात्याला गेला. समोर बलाढ्य कर्नाटक. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत संपला. करुण नायरच्या १५३ धावांच्या जोरावर कर्नाटकाने ३०१ केल्या. इथून सामना फिरवणे अवघड होते. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा करून कर्नाटकापुढे १९८ चे लक्ष्य ठेवले. चौथ्या दिवसाअखेर कर्नाटकाची अवस्था ७ बाद १११. शेवटच्या दिवशी ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. तळाचे फलंदाज एकेक धाव जोडत अगदी विजयाच्या दारापर्यंत आले, आणि रजनीश गुरबानीने डाव १९२ वर संपवला. विदर्भाचा विजय ५ धावांनी. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या या वेगवान गोलंदाजाने सामन्यात १२ बळी टिपले होते.

अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर २९ डिसेंबर २०१७ ला सुरू झाला. प्रतिस्पर्धी दिल्ली. अकोल्याच्या आदित्य ठाकरे या कोवळ्या वेगवान गोलंदाजाने थेट अंतिम सामन्यात प्रथम श्रेणी पदार्पण केले. त्याच्यावर असा विश्वास टाकणे हेच संघाच्या आत्मविश्वासाचे लक्षण होते. दिल्लीच्या ध्रुव शोरेने १४५ धावा केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरबानीने लागोपाठच्या तीन चेंडूंवर विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि शतकवीर शोरे यांचे त्रिफळे उडवले. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही केवळ दुसरी हॅट्ट्रिक; पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी मुंबईविरुद्ध केली होती. दिल्ली २९५ वर बाद. उत्तरादाखल विदर्भाने ५४७ धावा केल्या. यष्टिरक्षक अक्षय वाडकरचे प्रथम श्रेणीतले पहिले शतक, १३३ धावांचे, याच डावातले. दिल्लीचा दुसरा डाव २८० वर संपला आणि विजयासाठी हव्या होत्या फक्त २९ धावा. १ जानेवारी २०१८ रोजी जाफर यांनी चौकार मारून विजय पूर्ण केला. रणजीतल्या पदार्पणानंतर साठ वर्षांनी विदर्भ अजिंक्य ठरला.

पहिले विजेतेपद कोणी योगायोग म्हणू शकले असते, तशी कुजबुज झालीही. म्हणूनच दुसरा हंगाम अधिक मोलाचा, आणि त्यात पांढरकवड्याच्या खेळाडूचा वाटा ठसठशीत होता.

२०१८-१९ मध्ये चाळिशीच्या जाफर यांनी १,०३७ धावा काढल्या. वायनाडच्या उपांत्य सामन्यात उमेश यादवने १२ बळी घेत केरळला १०६ आणि ९१ धावांत गुंडाळले. अंतिम सामना ३ फेब्रुवारी २०१९ पासून जामठ्यालाच, चेतेश्वर पुजाराच्या सौराष्ट्राविरुद्ध. पहिल्या दिवसाअखेर विदर्भ ७ बाद २००. ख्यातनाम फलंदाज तंबूत परतले होते आणि मैदानावर उभा होता कर्णेवार. दुसऱ्या दिवशी त्याने तळाच्या फलंदाजांना हाताशी धरून डाव ३१२ पर्यंत नेला. स्वतः ७३ धावांवर नाबाद राहिला. सौराष्ट्राने चिवट झुंज देत ३०७ धावा केल्या. म्हणजे विदर्भाची आघाडी फक्त ५ धावांची. तळाच्या तीन गड्यांसह जोडलेल्या ११२ धावा नसत्या, तर सामना बहुधा तिथेच सौराष्ट्राच्या बाजूला झुकला असता. दुसऱ्या डावात विदर्भाने २०० धावा केल्या, त्यात डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेच्या ४९. लक्ष्य २०६. सरवटेने दोन्ही डावांत मिळून ११ बळी घेतले, पुजाराला पहिल्या डावात १ आणि दुसऱ्या डावात शून्यावर माघारी धाडले. सौराष्ट्राचा डाव १२७ वर कोसळला आणि ७८ धावांनी करंडक पुन्हा विदर्भाकडेच राहिला.

लगेच त्याच महिन्यात, त्याच मैदानावर, शेष भारताविरुद्ध इराणी करंडक झाला. शेष भारताच्या ३३० धावांना उत्तर देताना विदर्भाने ४२५ केल्या. त्यात कर्णेवारचे १०२. प्रथम श्रेणी क्रिकेटमधले त्याचे हे पहिले शतक. हनुमा विहारीने दोन्ही डावांत शतके ठोकली, तरी पहिल्या डावातल्या आघाडीवर इराणी करंडक विदर्भाने राखला. सामना चालू असतानाच पुलवामाचा हल्ला झाला होता. विजयानंतर कर्णधार फजल याने बक्षिसाची रक्कम हुतात्मा जवानांच्या कुटुंबीयांना देण्याचे जाहीर केले.

या काळात खेळाडूच्या पोटापाण्याचे गणितही बदलत होते. २०१८ मध्ये नियामक मंडळाने वरिष्ठ देशांतर्गत खेळाडूंचे सामना मानधन दिवसाला १० हजारांवरून ३५ हजार रुपयांवर नेले. रणजीचा साखळी सामना चार दिवसांचा असतो; हंगामात सातत्याने खेळणाऱ्या खेळाडूला यातून घर चालवता येईल एवढे उत्पन्न मिळू लागले. आयपीएलचे कोट्यवधी रुपये मोजक्यांना मिळतात. पण तालुक्याच्या गावातल्या मुलाने क्रिकेटला व्यवसाय म्हणावे, हे प्रत्यक्षात शक्य झाले ते या रोजच्या मानधनामुळे. आधीच्या पिढीतल्या खेळाडूला नोकरी करत खेळावे लागे. कर्णेवारच्या पिढीला खेळ हीच नोकरी करता आली.

मंगळगिरीचा विक्रम या वाटचालीतला पुढचा टप्पा. त्याचे मोल ठरवताना प्रामाणिकपणे सांगायला हवे की मणिपूर हा २०१८ नंतर स्पर्धेत आलेला नवखा संघ होता. तरीही टी-२० मध्ये चोवीस चेंडूंत एक चोरटी धावही न देणे ही शिस्तीची कसोटी असते. त्यानंतर आठवड्याभरात कॅनडाच्या साद बिन जफरने पनामाविरुद्ध हीच कामगिरी केली, आणि २०२४ च्या विश्वचषकात न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसनने पापुआ न्यू गिनीविरुद्ध. यादीतले पहिले नाव मात्र यवतमाळ जिल्ह्यातले. त्याच २०२१ च्या स्पर्धेत वर्ध्याच्या दर्शन नळकांडेने उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले. पांढरकवडा, वर्धा, अकोला, वलनी : विदर्भाच्या यशाच्या नोंदी नागपूरबाहेरच्या गावांच्या नावांनी भरत चालल्या होत्या.

या पर्वाचे परिणाम तपासायचे तर पुढची वर्षे पाहावीत. जाफर निवृत्त झाले, पंडित मध्य प्रदेशात गेले आणि २०२१-२२ मध्ये त्या राज्यालाही त्यांनी रणजी जिंकून दिली. माणसे गेली की संघ ढासळतो असे अनेक ठिकाणी होते. विदर्भ ढासळला नाही. २०२३-२४ मध्ये तो अंतिम फेरीत मुंबईकडून हरला आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्यांदा अजिंक्य झाला. २६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५ या काळात जामठ्याला केरळविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात तरुण दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. त्या हंगामात यश राठोडने ९६० धावा काढल्या आणि हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातला विक्रम केला. कर्णधार होता इंदूरच्या अंतिम सामन्यात पहिले शतक करणारा अक्षय वाडकर. प्रशिक्षक उस्मान गनी, विदर्भाचेच.

या संघाच्या प्रतिष्ठेचा आणखी एक पुरावा आहे. २०१७ च्या उपांत्य सामन्यात विदर्भाविरुद्ध १५३ धावा करणारा करुण नायर २०२५ च्या अंतिम सामन्यात विदर्भाकडून ८६ आणि १३५ धावा काढत होता. इंदूरला दिल्लीकडून १४५ धावा करणारा ध्रुव शोरेही आता विदर्भाच्याच संघात होता. आणि २०१९ चा नायक सरवटे त्याच सामन्यात केरळच्या संघातून ७९ धावा करून विदर्भाला झुंजवत होता. एकेकाळी विदर्भाचा खेळाडू दुसऱ्या संघाला हवा असे सांगून खरे वाटले नसते.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. विदर्भाचे यश चमत्कार नव्हते. जिल्ह्यांतून मुले शोधणे, त्यांना नागपुरात ठेवून घडवणे, बाहेरचे अनुभवी खेळाडू आणि कडक प्रशिक्षक आणणे, आणि या सर्वांना दहा वर्षांचा अवधी देणे, या चार गोष्टींचे ते फळ होते. त्यातली पहिली गोष्ट अजूनही सर्वांत कच्ची आहे. अकादमी नागपुरात आहे, मूल मात्र घाटंजीत, आर्णीत, झरी जामणीत जन्मते. पांढरकवड्याच्या मुलाचे दोन हात ओळखणारी नजर त्याला वेळेवर भेटली. अशी नजर प्रत्येक तालुक्यात असेलच असे नाही.

म्हणून घाटंजीच्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या शाळांना, ग्रामपंचायतींना, नगरपरिषदांना एकच विनंती. मोठ्या स्टेडियमची वाट पाहू नका. शाळेच्या मैदानावर एक नीट सपाट खेळपट्टी, सरावाची एक जाळी आणि आठवड्यातून दोनदा मुलांकडे डोळसपणे पाहणारा एक जाणता शिक्षक, एवढे उभे करा. खेळ क्रिकेट असो, कबड्डी असो की बास्केटबॉल, पुढची वाट दाखवणाऱ्या संस्था आता विदर्भात आहेत. त्यांच्यापर्यंत मूल पोचवणे हे आपले काम आहे.